नम्रता म्हणजे गप्प बसणं नाही, मग नक्की काय?

चर्चमध्ये ज्याचं "किती नम्र आहे हो" म्हणून कौतुक होतं तो माणूस निम्म्या वेळा फक्त कमी बोलणारा असतो. कमिटीत कधी प्रश्न विचारत नाही, फादर म्हणतील त्याला हो, माईक हातात दिला की लाजतो, झालं, नम्र. आणि जी बाई उभी राहून विचारते की छताच्या दुरुस्तीला एकच कोटेशन का मागवलं, ती "जरा तापट आहे हां". मी ठाण्यात वाढलो, घर कॅथलिक, बायकोचं माहेर प्रोटेस्टंट, त्यामुळे मिस्सा पण बघितली आणि उपासना पण, फादरचं प्रवचन पण ऐकलं आणि पाळकसाहेबांचा संदेश पण, आणि हा घोळ दोन्हीकडे अगदी सारखा आहे. ख्रिस्ती नसलेल्या मित्रांचं तर सोपंच असतं, ऐरोलीला ऑफिसात डबे उघडले की कोणीतरी हमखास बोलतो, तुमच्यात कोणी एक मारली की दुसरा गाल पुढे करायचा ना, बरं आहे बाबा.

तर हे जरा नीट बघू, आणि सुरुवात फिलिप्पैपासून करू, कारण बायबलमधला नम्रतेबद्दलचा सगळ्यात गाजलेला उतारा या गावच्या लोकांना लिहिलेला आहे.

फिलिप्पै आजच्या उत्तर ग्रीसमध्ये येतं. इ.स.पू. ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली, सीझरला मारणारे ब्रूटस आणि कॅशियस तिथे हरले, आणि जिंकलेल्यांनी आपल्या रिटायर झालेल्या सैनिकांना तिथेच जमिनी देऊन वसवलं. म्हणजे गाव ग्रीसमधलं पण ऐट पूर्ण रोमची. आणि रोमन माणसाला मान म्हणजे जीव की प्राण. कोण कुठल्या पदावर होता, कोणी स्वखर्चाने काय बांधलं, हे सगळं दगडात कोरून चौकात लावायचे. आपल्याकडे नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात बघा, खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि कोणाचा फोटो केवढा यावरून रुसवेफुगवे, तेच, फक्त दगडात. त्या समाजात स्वतःहून खाली बसणारा माणूस चांगला नाही समजला जायचा, त्याला लाचार म्हणायचे. नम्रता हा गुणच नव्हता त्यांच्याकडे, गुलामाचं लक्षण होतं ते.

अशा गावातल्या छोट्याशा मंडळीला पौल, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव पोचवणारा प्रेषित, तुरुंगातून पत्र लिहितो. त्यात दुसऱ्या अध्यायात येतं की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, पण देवाच्या बरोबरीने असणं त्याने धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत, आज्ञा पाळली. आपल्याला हे लहानपणापासून ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय. पण क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत, घरी जेवताना कोणी तो विषयही काढत नसे. फिलिप्पैतला माणूस आयुष्यभर पायऱ्या चढायची स्वप्नं बघतो, आणि पौल सांगतो देव पायऱ्या उतरला, देवाचा माणूस झाला, माणसाचा दास झाला, दासाचा गुन्हेगार झाला. आणि म्हणूनच देवाने त्याला सगळ्यांच्या वर नेलं.

यात एक गोष्ट नीट बघा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही गोष्ट ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्यापासून सुरू होते. ज्याच्याकडे आहे तो सोडतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून आणखी काढून घ्यायची ही गोष्ट नाही.

आता त्याच गावातली दुसरी भानगड, पत्राच्या काही वर्षं आधीची, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय १६. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैत येतात, तिथे एक दासी असते, भविष्य सांगून मालकांना पैसे कमवून देणारी, पौल तिच्यातलं भूत काढतो, मालकांचा धंदा बसतो, ते या दोघांना ओढत चौकात नेतात. अधिकारी चौकशी वगैरे काही करत नाहीत, कपडे फाडून छड्यांनी मारतात आणि आत टाकतात. रात्री भूकंप होतो, दारं उघडतात, तुरुंगाचा अधिकारी घाबरून जीव द्यायला निघतो, पौल त्याला थांबवतो, आणि मग हा सरकारी माणूस कैद्यांच्या जखमा स्वतः धुतो. सकाळी वरून निरोप, सोडून द्या त्यांना. इथे आपला सो कॉल्ड नम्र ख्रिस्ती काय करेल? प्रभूची स्तुती म्हणेल आणि मागच्या दाराने निघेल. पौल म्हणतो नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आणि आता गुपचूप पाठवताय? ते जमणार नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी येतात की, घाबरून, विनवण्या करत येतात.

म्हणजे नम्रतेवरचा तो उतारा ज्यांना लिहून पाठवला त्यांनी हाच माणूस आपल्या गावच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेताना पाहिला होता. त्यांना यात विरोध दिसला असेल असं मला वाटत नाही. बरेच अभ्यासक सांगतात की पौल हे स्वतःच्या इगोसाठी करत नव्हता, तो तर गाव सोडूनच चालला होता. मागे राहणार होते लुदिया नावाची जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई आणि तिच्या घरी जमणारे चार नवे विश्वासी, आणि उद्या त्यांना कोणी म्हणायला नको की तुम्ही त्या फटके खाल्लेल्या गुन्हेगारांची माणसं ना. नागरिकत्वाचा हक्क त्याने मार चुकवायला नाही वापरला, मार खाऊन झाल्यावर दुसऱ्यांसाठी वापरला. माझ्या मते हेच ख्रिस्ती नम्रतेचं मधलं हाड आहे. माझी किंमत देवाकडे पक्की झालेली आहे, त्यामुळे ती दर चौकात लोकांकडून वसूल करत बसायची गरज नाही, आणि त्यामुळे माझ्या हातात जे काही आहे, पद, पैसा, शिक्षण, ओळखी, ते दुसऱ्यासाठी मोकळं होतं.

मराठी माणसाला इथे तुकोबा आठवणारच. लहानपण देगा देवा. मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार, महापुरात झाडं जातात, लव्हाळे वाचतात. नारायण वामन टिळक, ज्यांचा १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला, ते सांगायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि ते पटतं, कारण मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात नम्रता म्हटलं की आधी अभंगच वाजतो. पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्या अभंगातला लव्हाळा वाचतो. तुकोबांची सगळी भक्ती एका अभंगात बसवता येत नाही हे मान्य, पण तिथलं कारण सरळ आहे, लहान राहिलास तर मार चुकेल. ख्रिस्त वाकला आणि वाचला नाही. त्यामुळे "नम्र रहा म्हणजे त्रास होणार नाही" हे जे आपण पोरांना ऑफिसला पाठवताना सांगतो ते शहाणपण असेल, उपयोगाचंही असेल, पण ते शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूच्या शिकवणीतलं, नाही. तिथे खाली उतरायचं कारण सुरक्षितता नाही, प्रेम आहे, आणि त्यात नुकसान होऊ शकतं हे गृहीत धरलेलं आहे.

बरं, आता पाय धुण्याकडे येऊ. पवित्र गुरुवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारची, संध्याकाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वेदीसमोर बारा खुर्च्या, बारा जण आधीच निवडलेले, इस्त्रीचे कपडे, एक पाय उघडा. फादर झगा काढून कमरेला टॉवेल बांधतात, एक पोरगा तांब्या घेऊन, एक घमेलं घेऊन, एकेकाच्या पुढे गुडघ्यावर बसून पायावर पाणी ओततात, पुसतात, पायाचं चुंबन घेतात. उकाडा असतो, पंखे लांब, साठीतल्या फादरना सातव्या आठव्या खुर्चीपर्यंत उठता-बसता दम लागतो, पोरगा हात देतो. आणि खुर्चीवरच्यांचे चेहरे बघा, प्रत्येक जण अवघडलेला. घरून साबणाने घासून, नखं कापून, काही तर पेडिक्युअर करून आलेले असतात, फादरना घाण पाय द्यायचा नाही म्हणून. हसू येतं पण त्यात एक गंमत आहे. बायबलमध्ये योहान १३ मध्ये येशूचा शिष्य पेत्र, त्याचं हेच झालं होतं. येशू त्याच्यापुढे बसला तेव्हा तो म्हणाला तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! आणि येशू त्याला जवळजवळ दटावतो, नाही धुतले तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही.

त्या काळात धुळीच्या रस्त्यावरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम. गुरूने ते करायचं म्हणजे क्रम मोडला. पेत्राला तो क्रम मोडलेला नको होता, कारण गुरू खाली बसला तर उद्या आपल्यालाही बसावं लागेल, आणि दुसरं म्हणजे आपला मळलेला पाय दुसऱ्याच्या हातात देणं कोणालाच आवडत नाही. आमच्या मंडळीत अशी माणसं आहेत, तुमच्याकडेही असतील, कोणी आजारी पडलं की पहिला डबा यांच्याकडून, मयत झाली की पहाटेपासून हे उभे, पण स्वतः अँजिओप्लास्टी करून आले तरी कोणाला पत्ता नाही, "कशाला त्रास द्यायचा लोकांना". त्यांना मी मानतो, पण ती नम्रता आहे की देणाऱ्याच्या खुर्चीवरून न उतरायचा हट्ट आहे, हे त्यांचं त्यांनी बघावं.

याच विधीवरून एक मोठी गोष्ट घडली. २८ मार्च २०१३ ला, निवडून येऊन दोन आठवडे झाले होते, पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. नियमात तेव्हा फक्त पुरुष बसत होते. बरीच चर्चा झाली, काहींना राग आला, आणि जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला, बायकांनाही बसवता येतं. एक विधी, वर्षातून एकदा, पण कोणाच्या पायाशी बसायचं हे ठरवण्यात केवढं काय असतं ते यातून कळतं.

ठाणेकरांसाठी जरा आडवाटेची गोष्ट. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन चर्च आपण पोर्तुगीज काळातलं म्हणून दाखवतो, पण त्याच्याही कितीतरी आधी, १३२१ मध्ये, म्हणजे वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, चार फ्रान्सिस्कन साधू इथे ठाण्यात मारले गेले. चीनला जायला निघाले होते, ठाण्यात एका सिरियन पंथाच्या ख्रिस्ती घरी उतरले, काझीपुढे उभं करून धर्माबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी आपला विश्वास लपवला नाही, आणि जीव गेला. नंतर ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघातला साधू इथे आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. हे सगळे असिसीच्या फ्रान्सिसच्या संघातले, फ्रान्सिस म्हणजे कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, बापाच्या देखत अंगावरचे कपडे काढून परत देणारा. त्याने आपल्या संघाचं नावच धाकटे भाऊ असं ठेवलं. स्वतःला धाकटे म्हणवणारी ही माणसं अर्धं जग चालत-बोटीने पार करून ठाण्याच्या खाडीपर्यंत आली होती. लाजरीबुजरी नव्हती.

हे लाजरेपण मला जरा सलतं म्हणून त्यावर बोलतो. क्वायरमध्ये चांगला आवाज असलेली पोरगी, तिला सोलो गा म्हटलं की "मला कुठे येतं", मग सगळ्यांनी अगं येतं गं म्हणायचं, मग ती गाणार. एवढं चालतं, लाडाचं आहे. पण काही जण खरंच गात नाहीत, शिकवत नाहीत, कमिटीत येत नाहीत, आणि त्याला नम्रता म्हणतात. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, चर्चच्या मोठ्या विचारवंतांपैकी एक, त्याने याला सरळ पाप म्हटलंय. आपल्या कुवतीपेक्षा मोठं काहीतरी मिरवणं हे जसं चूक तसं कुवत असून मागे सरणं हेही चूक, आणि उदाहरण म्हणून तो येशूच्या दाखल्यातला चाकर घेतो, मालकाने दिलेला पैसा भीतीने जमिनीत पुरून ठेवणारा. अक्वायनसच्या हिशोबात नम्रता आणि मोठं काम करायची हिंमत ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत, तुझ्यात जे चांगलं आहे ते देवाचं देणं आहे म्हणून मोठं काम अंगावर घे, आणि तुझ्यात जे कमी आहे ते तुझं आहे म्हणून डोकं ठिकाणावर ठेव. सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या तेरेसाने तर एका वाक्यात सांगितलं, नम्रता म्हणजे सत्यात चालणं. म्हणजे येत असेल तर येतं म्हण ना!

आणि उलट बाजू, येत नसताना येतंय दाखवणं. साधारण इ.स. ४१० मध्ये डायोस्कोरस नावाच्या एका विद्यार्थ्याने बिशप ऑगस्टीनला पत्र लिहून सिसेरो या जुन्या रोमन विचारवंताच्या ग्रंथांवरचे ढीगभर प्रश्न पाठवले, कारण काय, तर मी आता परदेशी चाललोय, तिथे कोणी विचारलं आणि उत्तर आलं नाही तर लोक मला अडाणी म्हणतील. ऑगस्टीनने त्याची चांगलीच हजेरी घेतली, आणि लिहिलं की सत्याकडे जायचा मार्ग पहिला नम्रता, दुसरा नम्रता, तिसरा पण नम्रता, तू कितीदा विचारलंस तरी मी हेच सांगणार. सोळाशे वर्षं झाली पण व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलच्या वचनांवरून भांडणारे आम्ही सगळे डायोस्कोरसच आहोत, चुकलो म्हणायची सोय कोणीच ठेवत नाही.

आता अवघड भाग. नम्रतेचा उपदेश नेहमी कोणाला होतो? सुनेला. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला. नव्याने आलेल्याला. पगार थकलेल्या चर्चच्या शिपायाला. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन बाईंनी एक निबंध लिहिला, त्यात त्यांचं म्हणणं असं की आतापर्यंतचे धर्मपंडित पुरुष होते, म्हणून त्यांना गर्व हेच मूळ पाप दिसलं, पण ज्या बाईने आयुष्यभर स्वतःला पुसून टाकलंय तिला आणखी स्वतःला विसर म्हणून सांगणं हे औषध नाही, तोच तिचा आजार आहे. यावर आजही वाद आहेत पण मला बाई बरोबर वाटतात. आणि आपल्याकडे याच्यात जात पण येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत खापरपणजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नव्हता. त्यांना चर्चमध्ये आल्यावर पहिलं काय ऐकवायचं, लहान व्हा? अरे किती लहान व्हायचं अजून? बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया जे स्तोत्र गाते त्यात देव अधिपतींना आसनावरून ओढून खाली आणतो आणि दीनांना उंच करतो. एकच देव, एकच स्तोत्र, पण वरच्याला उतर म्हणतो आणि खालच्याला ऊठ. उपदेश करणाऱ्याने समोर कोण बसलंय ते बघून बोलायला पाहिजे, नाहीतर त्याच वचनाची काठी होते.

तो दुसरा गाल राहिलाच. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो हे खरं, आणि सूडाचा हिशोब तिथेच थांबवायचा हा त्याचा रोख आहे, त्यात पळवाट नाही. पण खुद्द येशूला प्रमुख याजकापुढे एका शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा, योहान १८ वाचा, तो विचारतो, मी चुकीचं बोललो असेन तर चूक दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पण गप्पही बसला नाही. मारणाऱ्याला उत्तर द्यायला लावलं. डब्याच्या टेबलावर मी आजकाल हेच सांगतो, एवढ्या वेळात भाजी गार होते पण चालतं.

मग रोजच्या जगण्यात ओळखायचं कसं? माझ्याकडे फॉर्म्युला नाही. मी स्वतःपुरतं एवढं बघतो की माझ्याहून कमी ताकदीच्या माणसाशी मी कसा वागतो, कारण बॉसपुढे, बिशपपुढे सगळेच नम्र असतात, ते मोजायचंच नाही. रिक्षावाला, वॉचमन, घरकामाच्या ताई, संडे स्कूलमधलं उलट उत्तर देणारं कार्टं, इथे कळतं. आणि कोणी चूक दाखवली की पहिली दहा सेकंद पोटात काय होतं.

लूक १४ मध्ये येशू एका परूश्याकडे, म्हणजे धर्मनियम कडक पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाकडे, जेवायला गेलाय आणि पाहुणे पुढच्या जागा पटकावतायत, तेव्हा तो सांगतो की शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमानच येऊन वर या म्हणेल. हे सगळ्यांना पाठ, आणि खरं सांगू का, यात एक चलाखी पण करता येते, मागे बसायचं आणि कोणीतरी पुढे बोलवायची वाट बघायची, वाशी-नेरूळच्या हॉलमधल्या कुठल्याही रिसेप्शनला हे नाटक बघायला मिळतं. पण त्याच्या लगेच पुढे तो यजमानाकडे वळतो, आणि हा भाग फार कमी वाचला जातो. तो म्हणतो जेवण देशील तेव्हा भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते परत तुला बोलावतील आणि फिटेल, गरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव, त्यांच्याकडे फेडायला काही नसतं. पाहुण्याला सांगितलेली नम्रता एका खुर्चीपुरती होती, यजमानाला सांगितलेली अख्ख्या गेस्ट लिस्टची आहे. आमच्याकडे चर्चच्या सणाच्या जेवणाची यादी करताना मी एकदा हे बोललो, की पुढचे सोफे नगरसेवक आणि देणगीदारांऐवजी झाडलोट करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या घरच्यांना देऊ, हवं तर एकच वर्ष करून बघू. सगळ्यांना आयडिया फार आवडली. ठराव पुढच्या मिटिंगवर ढकललाय.